कचेरीचे बोलावणे

भाद्रपदातील महालक्ष्म्यांचा सण आम्ही वऱ्हाडकर दिवाळीहून उणा मानीत नाही. सोळा भाज्या, आंबील, पुरण, फुलोरा ह्यांच्या सिद्धतेत घरातील बायकांस तीन दिवस उसंत म्हणून नसते. इ. स. २०२३ च्या सप्टेंबरच्या २२ तारखेस, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, अमरावतीस आमच्या घरी मी एक दृश्य पाहिले. आमची सून स्वयंपाकघरात पुरणयंत्र फिरवीत होती आणि तिच्या उजव्या कानात, केसांआड, एक लहानसा इअरफोन होता. पुण्यास तिच्या कचेरीतील मंडळींची बैठक त्यातून तिच्या कानी पडत होती. मधूनच ती हात थांबवी, इंग्रजीत दोन वाक्ये बोले आणि पुनः यंत्र फिरू लागे. जेवावयास आलेल्या सुवासिनींनी हे पाहून तोंडभर स्तुती केली. ‘नोकरी सांभाळून सगळे साग्रसंगीत करते हो तुमची सून!’ त्या स्तुतीने माझ्याही अंगावर मूठभर मांस चढले, हे मी लपवीत नाही. त्या दृश्याचा खरा अर्थ मला पुढे आठ-दहा दिवसांनी कळला. तोच सांगण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला आहे.

महालक्ष्म्यांचे विसर्जन होऊन आठवडा लोटतो न लोटतो तोच मुलाच्या कंपनीचे पत्र आले आणि त्यामागोमाग सुनेच्या कंपनीचेही. दोहोंचा आशय एकच : घरून काम करण्याची सवलत संपली, महिन्याभरात पुण्यास येऊन आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत समक्ष हजर व्हावे.

असे बोलावणे आमच्याच घरी आले असे नव्हे. ज्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने इ. स. २०२० च्या एप्रिल महिन्यात, सन २०२५ पर्यंत आपल्या नोकरवर्गापैकी एका वेळी चतुर्थांशाहून अधिक लोकांनी कचेरीत येण्याचे कारण उरणार नाही असे जाहीर केले होते, तिनेच १ ऑक्टोबर २०२३ पासून बहुतेक सर्व नोकरांस पाचही दिवस कचेरीत बोलाविले. त्या वेळी तिच्या पदरी सहा लाखांवर माणसे होती. विप्रोने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून आठवड्याचे तीन दिवस ठरविले. ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून पाचही दिवसांचा नियम केला, तर इन्फोसिसने मार्च २०२५ पासून पुष्कळांस महिन्याकाठी निदान दहा दिवस येण्याचे बंधन घातले. सारांश, ज्या घरांतील मुले तीन-चार वर्षे आईबापांच्या डोळ्यांसमोर होती, त्या घरांत पुनः बॅगा भरल्या जाऊ लागल्या.

ह्या प्रकरणाचा आरंभ कसा झाला हे वाचकांस ठाऊकच आहे. २२ मार्च २०२० रोजी जनता-संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून सर्व देशात टाळेबंदी. जूनमध्ये परवान्याची खटपट करून मुलगा, सून आणि तीन वर्षांची नात अशी तिघे मोटारीने अमरावतीस आली. महिना-दोन महिन्यांची गोष्ट आहे, असे सर्वांनी गृहीत धरले होते. परंतु २०२१ च्या फेब्रुवारीत रोगाने आमच्या वऱ्हाडातच पुनः डोके वर काढले. २२ तारखेपासून अमरावतीस पुनः टाळेबंदी झाली, अकोल्यासही कडक निर्बंध आले. महिन्यांची वर्षे झाली. नातीचे नाव येथल्याच शाळेत घातले. ती घरातल्या घरात ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर आणि ‘बंगई’ म्हणजे झोपाळा असे बोलू लागली, तेव्हा आमच्या मंडळींस झालेला आनंद काय सांगावा!

घरी बसून रोजगार करणे ही गोष्ट आपल्या समाजास नवी नाही. गावच्या कुळकर्ण्याचे दफ्तर रुमालात बांधलेले त्याच्या घरीच असे आणि ओसरी हीच त्याची कचेरी असे. वैद्य, जोशी, पुराणिक ह्यांचीही तीच रीत. इंग्रजी अमदानीत वकिलीचा धंदा आला, तरी पक्षकार प्रथम वकिलाच्या घराच्याच पायऱ्या चढत. दादासाहेब खापर्डे आणि आर. एन. मुधोळकर ह्यांच्यासारख्या धुरंधर वकिलांचे हे आमचे गाव. ही परंपरा येथे सांगावयास नको. घर आणि कामाची जागा ह्यांची फारकत झाली ती पुढे. इ. स. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १८६७ साली लोहमार्ग भुसावळहून अकोला, बडनेरा करीत नागपुरास पोहोचला. घड्याळाच्या ठोक्यावर चालणाऱ्या कचेऱ्या, गिरण्या व शाळा ह्यांनी माणसास दहा ते पाच घराबाहेर राहावयास शिकविले.

घरात बसून दूरच्या कचेरीचे काम करावे, ही आधुनिक कल्पनाही रोगाच्या साथीने जन्मास घातलेली नाही. अमेरिकेत जॅक नाइल्स ह्या गृहस्थाने १९७३ साली तिला नाव दिले. रोजच्या रहदारीत माणसांचे जाणारे तास वाचावेत हा तिचा हेतू होता. साथीने एवढेच केले की, जे थोड्यांपुरते होते ते एका रात्रीत लक्षावधी माणसांस करावयास लाविले.

परंतु कुळकर्ण्याच्या ओसरीत आणि आमच्या माडीवरील खोलीत एक मोठा भेद होता, तो माझ्या ध्यानात उशिरा आला. कुळकर्ण्याचे काम गावचे, माणसे गावची आणि वेळ त्याच्या हातची. आमच्या मुलाचे शरीर अमरावतीस होते. त्याचे काम, त्याची माणसे आणि त्याची वेळ अन्यत्र होती. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला असता माडीवर कूलर लावल्यावाचून बसवत नसे. पण कूलरचा घुमारा पलीकडच्यांस ऐकू जातो म्हणून बोलण्याची पाळी आली की तो बंद करून घामाने निथळत बोलावे लागे. वीज गेली की धावाधाव. परदेशच्या लोकांसाठी रात्री अकरापर्यंत बैठका चालत. घरच्या मंडळींस मात्र वाटे, मुलगा घरीच तर आहे! घरून काम करणे आणि घरी असणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत, हे आम्हां वडील माणसांच्या गावीही नव्हते.

असो. पत्रे आली त्या दिवशी सायंकाळी मी बंगईवर बसून कंपन्यांना दूषणे देत होतो. वडील बंधू दुजोरा देत होते, आमच्या मंडळींनी डोळ्यांस पदर लाविला होता. मुलगा खाली मान घालून बसला होता. सून चहाचे पेले ठेवून गेली नाही, तेथेच उभी राहिली.

“बाबा, एक बोलू? रागावणार नाही ना?”

“बोल की, बाळ.”

“तुम्हां सगळ्यांना वाईट वाटते ते मला कळते. तुम्ही मला काही कमी केले नाही. पण मला कचेरीत जायचे आहे. तेथे मला कोणी हाक मारली तर ती एकाच कामासाठी असते.”

कोणी काही बोलले नाही. मला मात्र ते शब्द लागले. मुलीसारखे वागविले, सासुरवास म्हणून नाही, आणि हिला येथून जावयाची घाई! रात्री झोप आली नाही. पहाटे विचार केला की, मास्तरकीत चाळीस वर्षे घालविली, एकाही मुलाचे म्हणणे पडताळून पाहिल्यावाचून त्यास खोटे ठरविले नाही. मग सुनेचेच काय म्हणून ठरवावे? जुन्या हजेरीपटाचे एक कोरे पान काढले, दोन रकाने आखले आणि दहा वाजल्यापासून सहा वाजेपर्यंत त्या दोघांस घरातून किती हाका जातात त्याची नोंद कोणास न सांगता करू लागलो.

दिवसअखेर बेरीज केली. मुलास चार हाका. त्यांपैकी तीन ‘चहा आणू का?’ अशा. सुनेस तेवीस. गॅसचे सिलिंडर आले आहे. शेजारच्या काकूंस विरजण हवे आहे. भाऊसाहेबांची दुपारची गोळी कोणती. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या. नातीची चित्रकलेची वही. अकोल्याहून तिच्या आईचा फोन. कामवाली उद्या येणार नाही म्हणते. त्या तेविसांतील नऊ हाका माझ्या होत्या. एक तर चष्म्यासाठी होती, आणि चष्मा माझ्यापुढे वर्तमानपत्रावर पडलेला होता. प्रत्येक हाक अर्ध्या मिनिटाची, आणि मारणाराच्या दृष्टीने क्षुल्लक. पण हिशेबाच्या किंवा गणिताच्या मध्यावर विद्यार्थ्यास तेवीस वेळा उठविले तर त्याचे गणित सुटेल काय, हा प्रश्न मी कोणत्याही पालकास विचारला असता. आपल्या घरी तो विचारण्यास मला सव्वातीन वर्षे लागली.

हा दोष केवळ आमच्या घराचा असता तर जाहीर लिहिण्याचे कारण नव्हते. केंद्र सरकारने लोकांच्या वेळेच्या विनियोगाची पाहणी २०१९ साली केली व पुनः २०२४ साली केली. २०१९ साली घरकामात स्त्रीची दिवसाकाठी २९९ मिनिटे आणि पुरुषाची ९७ मिनिटे जात असल्याचे आढळले; २०२४ साली स्त्रीची २८९ व पुरुषाची ८८. हे आकडे जे मुळात घरकाम करतात त्यांचे आहेत. जे पुरुष त्यास हातच लावीत नाहीत ते ह्या हिशेबात धरलेले नाहीत. मधल्या पाच वर्षांत पुरुषवर्ग महिनेच्या महिने घरात कोंडून पडला होता, तरीही उभयतांतील अंतर दोनशे मिनिटांच्या आसपास जागच्या जागीच राहिले. स्वयंपाकघर चार पावलांवर आले म्हणून पुरुषाचे पाऊल तिकडे वळले नाही. कचेरी मात्र स्त्रीच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

आता मालकांच्या बाजूकडे वळू. घरी बसलेला नोकर कामात कुचराई करील, ही धन्यांची शंका फार प्राचीन आहे. कालिदासाच्या मेघदूतातील यक्षाने आपल्या कामात कोणता प्रमाद केला हे कवीने सांगितलेले नाही. परंतु कुबेराने त्यास शिक्षा दिली ती घरापासून वर्षभर दूर राहण्याची, आणि तो आला तो रामगिरीवर, ज्यास पुष्कळ विद्वान आपल्या विदर्भातील रामटेक मानतात. पत्नीच्या ठायी मन गुंतल्याने कामात चूक झाली असेल, असाच तर्क वाचक करतो. परंतु ह्या शंकेची परीक्षा आधुनिक काळी झालेली आहे. चीनमधील एका मोठ्या प्रवास-कंपनीत निकोलस ब्लूम ह्या अर्थशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह प्रयोग केला आणि त्याचा वृत्तान्त २०१५ साली प्रसिद्ध झाला. दूरध्वनीवर काम करणाऱ्या मंडळींपैकी काहींस नऊ महिने घरून काम करू दिले. त्यांचे काम शेकडा तेराने वाढले आणि नोकरी सोडणारांचे प्रमाण निम्म्यावर आले.

येथवर घराचीच सरशी दिसते. परंतु त्याच प्रयोगात दोन गोष्टी आणखी आढळल्या. एक, तितकेच चांगले काम करूनही घरी बसणारांस बढती कमी मिळाली. डोळ्यांआड असलेल्या माणसाची आठवण वरिष्ठांस राहत नाही. दुसरी, प्रयोग संपल्यावर निवड करू दिली तेव्हा घरून काम करणारांपैकी बऱ्याच मंडळींनी एकटेपणास कंटाळून कचेरीची वाट धरली. पुढे त्याच कंपनीत सोळाशेंहून अधिक लोकांवर दुसरा प्रयोग झाला, तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरी आणि उरलेले कचेरीत, अशी त्यात वाटणी होती. कामात काही उणे पडले नाही आणि राजीनामे एकतृतीयांशाने घटले. मला ह्यात आपल्या जुन्या ‘अति सर्वत्र वर्जयेत्’ ह्या शिकवणीचाच पडताळा दिसतो.

कचेरीची महती मला पटली ती सुनेच्या धाकट्या भावामुळे. आमचे व्याही अकोल्यास असतात. त्यांच्या मुलास २०२१ साली बंगळूरच्या एका कंपनीत पहिलीच नोकरी लागली. नेमणुकीचे पत्र संगणकावर आले, लॅपटॉप कुरियरने आला, आणि मुलगा अकोल्याच्या घरातील मागल्या खोलीत नोकरीवर रुजू झाला. आईच्या हातचे जेवण, भाड्याचा खर्च नाही, पगार बँकेत. व्याही धन्य झाले. चौदा महिन्यांत त्या मुलाने आपला एकही सहकारी समक्ष पाहिला नाही. तो मला एकदा म्हणाला, “काका, अडले तर विचारायला संकोच वाटतो. फोन लावायचा म्हणजे आधी वेळ मागायची, वेळ मागायची म्हणजे कारण लिहायचे. तोवर मीच काहीतरी धकवून नेतो.” पुढे त्यास बंगळूरास बोलाविले. सहा महिन्यांनी भेटला तेव्हा त्याच्या बोलण्यात निराळाच आत्मविश्वास होता. शेजारच्या खुर्चीवर एक अनुभवी बाई बसत. त्यांचे काम पाहून आणि त्या फोनवर कशा बोलतात हे ऐकूनच मी शिकलो, असे त्याने सांगितले.

संस्कृतात शिष्यास ‘अन्तेवासी’ असा शब्द आहे. अन्ते म्हणजे जवळ, वासी म्हणजे राहणारा. गुरूने जे मुद्दाम शिकविले ते तर शिष्याने घ्यावयाचेच. पण जे गुरूने शिकविले नाही, केवळ शिष्यासमोर केले, तेही जवळ राहणाराच्या पदरात पडे. नवशिक्यास कचेरीत बोलावणारा मालक त्यास अन्तेवासी होण्याची संधी देतो. अशा मुलास आईबापांनी मायेपोटी अडवून धरू नये.

म्हणून सर्वांसच सरसकट बोलवावे काय? नाही. ज्या घरी तान्हे मूल आहे, अंथरुणास खिळलेला वृद्ध आहे, ज्यास स्वतःस चालण्याफिरण्याची अडचण आहे, त्यास घरून काम ही चैन नसून आधार आहे. प्रसूतिलाभाच्या कायद्यात २०१७ साली सुधारणा झाली. तीत रजा संपल्यावरही, कामाचे स्वरूप तसे असल्यास, मालक व नोकर ह्यांच्या संमतीने मातेस घरून काम करण्याची तरतूद घातली गेली, आणि पन्नास वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती झाली. साथीच्याही तीन वर्षे आधीची ही गोष्ट. कचेरीत बोलावणाऱ्या मालकांनी आपल्याकडील पाळणाघराची स्थिती आधी पाहावी, असे सुचवावेसे वाटते.

पण मालकांस उपदेश करणे सोपे आहे. मला आपल्या घरांविषयी बोलावयाचे आहे. आपण एकत्र कुटुंबातील माणसे मुलांच्या परत जाण्याने दुःखी होतो, ते साहजिक आहे. त्या दुःखाच्या भरात एक प्रश्न मात्र विचारावयाचा राहतो. ती येथे होती तेव्हा आपण त्यांस काम करू दिले काय? एकत्र कुटुंबात माणसे पुष्कळ, म्हणून कामाचा भार वाटला जातो, असे आपण अभिमानाने सांगतो. आमच्या घरात तेव्हा लहानथोर आठ माणसे होती आणि हाका एकीलाच जात होत्या. तिने नोकरी सांभाळून सगळे केले ही तिची स्तुती खरी; परंतु ते सगळे तिलाच का करावे लागले, हा प्रश्न त्या स्तुतीखाली झाकून गेला.

दुसऱ्या दिवशी तो हजेरीपटाचा कागद मी रात्रीच्या जेवणानंतर सर्वांसमोर वाचून दाखविला. वाचताना माझ्या नऊ हाकांपाशी माझा स्वर खाली आला असावा, कारण वडील बंधूंनी ‘मोठ्याने वाच’ म्हणून सांगितले. सून हसली, मग तिचे डोळे भरून आले. मुलगा बराच वेळ त्या चार आणि तेवीस ह्या आकड्यांकडे पाहत राहिला. नंतर उठून त्याने सर्वांची ताटे उचलली. त्याने ती प्रथमच उचलली असे मी म्हणणार नाही. पण कोणी न सांगता प्रथमच.

महिन्याची मुदत संपली. बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने ती तिघे गेली. नातीने शाळेतील मैत्रिणींस चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या. आम्ही घरी परतलो तेव्हा माडीवरील कूलर उगाचच चालू राहिला होता. मी जाऊन तो बंद केला.

तेव्हापासून आमच्याकडे एक व्यवस्था ठरली आहे. श्रावण-भाद्रपदात आम्ही उभयता पुण्यास जाऊन राहतो. दोघांच्याही कंपन्या आता वर्षातून काही दिवस घरून काम करू देतात. ते दिवस ती दिवाळीस जोडून येथे घालवितात. त्या दिवसांपुरता घरचा नियम असा : माडीवरील दोन खोल्यांची दारे लोटलेली असतील तर मुलगा आणि सून पुण्यास आहेत असे समजावे, आणि पुण्यास असलेल्या माणसास जशी हाक मारीत नाही तशी मारू नये. गॅस, विरजण आणि औषधे ह्यांची कामे मी आणि वडील बंधूंनी वाटून घेतली आहेत. कुकरच्या शिट्ट्या आता मीच मोजतो. सहा वाजता दारे उघडतात, तेव्हा ती दोघे खरोखरच अमरावतीस येतात, आणि मग बंगईवर जागा पुरत नाही.

गेल्या दिवाळीत एके दुपारी माझा चष्मा सापडेना. सवयीने जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, वर पाहिले तो दार लोटलेले. खाली येऊन शोधू लागलो. पंधरा मिनिटे लागली, पण सापडला.